अंगणाला पाणी पिऊ द्या

बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो कसा पडतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जूनमध्ये हजेरी लावतो, मग दडी मारतो, डोळ्यांत प्राण आणतो आणि सप्टेंबरात चार-सहा तासांत असा कोसळतो की नाल्या, ओढे, रस्ते सगळं एक होऊन जातं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याने हेच भोगलं. आणि याच जिल्ह्याने २०१६ आणि २०१९च्या उन्हाळ्यांत टँकरभोवती घागरींची गर्दीही पाहिली आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचे संच २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पाऊस आणि टंचाई यांच्यामध्ये उभी असते ती जमीन. त्या जमिनीचं तोंड आपण गेल्या काही वर्षांत कशाने बंद करत आणलंय, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

कोणत्याही गावात जा. ग्रामपंचायतीसमोर गट्टू, देवळाभोवती गट्टू, शाळेच्या आवारात गट्टू, आणि गल्लीतला सिमेंटचा रस्ता थेट घराच्या पायरीला भिडलेला. चिखल गेला ही फार चांगली गोष्ट झाली. पावसाळ्यात शाळेला निघालेल्या मुलीचे पाय राड्यात रुतत नाहीत, म्हाताऱ्या माणसाला काठी टेकायला घट्ट जागा मिळते, याचं मोल मी मुळीच कमी मानत नाही. चिखल परत आणा असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

पण गट्टू बसवताना त्याखाली काय घालतात ते एकदा जवळ उभं राहून पाहा. खाली बहुतेक ठिकाणी पीसीसी, म्हणजे काँक्रीटचा पक्का थर. त्यावर क्रशरची डस्ट. तिच्यावर ६० मिलिमीटर जाडीचे गट्टू, एकमेकांना खेटून. आणि फटींत पुन्हा तीच डस्ट, नाहीतर सिमेंटचा घोळ. वरून फटी दिसतात म्हणून आपल्याला वाटतं, पाणी मुरत असेल. ते मुरत नाही. डस्टमध्ये पिठासारखी जी पूड असते, ती पहिल्या पावसांतच फटीत घट्ट बसते. तिच्यातून जे थोडं झिरपतं ते खालच्या पीसीसीवर अडतं. मग पाणी नालीत, नालीतून ओढ्यात. आपल्या अंगणात पडलेला पाऊस संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावाच्या शिवारात पोचलेला असतो.

हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांच्या अंगणावर साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडला की साठ हजार लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर सहा टँकर, तेही एका घराच्या अंगणाचे. ते सगळंच मुरणार नाही, काही वाफ होऊन जाईल, काही वाहेल. पण आज त्यातलं जवळजवळ काहीच खाली जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या गवंड्याच्या आवाक्यातला आहे. पीसीसी घालायची नाही. जमीन फूट-सव्वा फूट खोदायची, तळाशी जाड गिट्टीचा थर, त्यावर मध्यम गिट्टी, मग बारीक खडी, आणि सगळी गिट्टी धुतलेली, पूड काढलेली. त्यावर गट्टू, पण खेटून नव्हे. दोन गट्टूंमध्ये सहा ते दहा मिलिमीटरची फट ठेवायची आणि तीत डस्टऐवजी बारीक खडीच भरायची. कडेला पक्की किनार हवी, नाहीतर गट्टू सरकतात. अशा एकसारख्या गिट्टीच्या थरात चाळीस टक्क्यांच्या आसपास जागा मोकळी असते. म्हणजे ३०० मिलिमीटर जाडीचा थर स्वतःवर पडलेला १२० मिलिमीटर पाऊस पोटात धरतो. महसूल खातं एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी म्हणतं. म्हणजे जवळजवळ दोन अतिवृष्ट्यांचं पाणी तुमच्या पायाखाली थांबतं आणि मग सावकाश खाली उतरतं.

दुसरा प्रकार वाळूविरहित काँक्रीटचा. सिमेंट, गिट्टी, पाणी एवढंच. वाळू घालायची नाही, घातलीच तर चिमूटभर. गिट्टीच्या दाण्यादाण्यांत पोकळी राहते आणि पाणी आरपार जातं. चांगल्या बनावटीच्या थरातून मिनिटाला दर चौरस मीटरमागे शंभर लिटरहून जास्त पाणी उतरू शकतं. हे काही काल निघालेलं नाही. पूर्वी भिंतींसाठी ते वापरायचे, आणि आपल्याकडे त्याचं भारतीय मानक १९८९ मध्येच निघालं आहे. गाड्या लावायच्या जागा, पायवाटा, बागेतले रस्ते यांना ते पुरतं. त्यात सिमेंटच्या काही भागाऐवजी राख वापरता येते, आणि राख म्हटल्यावर बीड जिल्ह्याला दूर जायला नको. परळीच्या केंद्रातल्या राखेच्या विटा आपण पाहतोच. तीच राख पाणी पिणाऱ्या गट्टूंसाठी कामी आली, तर एका अडचणीतून दोन कामं होतील.

आता याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण अर्धवट माहितीवर केलेलं काम उखडतं आणि मग लोक त्या कल्पनेलाच नावं ठेवतात. उसाच्या ट्रॉल्या आणि मालट्रक जिथून जातात, त्या मोंढ्याच्या किंवा कारखान्याच्या रस्त्याला हे चालत नाही. तिथे साधं पक्कं काँक्रीटच हवं. गॅरेज, पेट्रोल पंप, उकिरडा यांच्याजवळही नको, घाण थेट भूजलात जाईल. आणि फटी बुजतात. आपल्याकडे धूळ मायंदाळ. उन्हाळ्याच्या शेवटी खराट्याने झाडून, मातीने भरलेली वरची खडी काढून नवी भरली नाही तर चार वर्षांत हेही साध्या गट्टूसारखं होऊन बसेल.

सगळ्यांत मोठा प्रश्न जमिनीचा. बालाघाटाच्या कुशीत, जिथे दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तिथे हे काम उत्तम होतं. पण गोदाकाठच्या, माजलगाव-गेवराईकडच्या काळ्या चिकण मातीत पाणी उतरायला दिवस लावतं, आणि ती माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. गट्टू वर-खाली होतात, घराच्या पायालाही झळ लागते. तिथे काळी माती काढून मुरुमाची भर घालावी, गिट्टीच्या तळाशी भोकांचा पाइप टाकावा आणि ते पाणी शोषखड्ड्याकडे न्यावं. घराच्या भिंतीपासून दहा फूट तरी अंतर ठेवावं. जागा कशी आहे ते ठरवायला दोन फूट खड्डा खणा, संध्याकाळी पाण्याने भरा आणि सकाळी पाहा.

बिंदुसरा नदीच्या पुराबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. २३ जुलै १९८९च्या पुराने बीड शहरातल्या वस्त्या वाहून नेल्या, माणसं गेली. तेव्हा शहरात गट्टू नव्हते. तसं पाणी उलटलं तर अंगण त्याला अडवू शकणार नाही. चीनमधल्या झेंगझोऊ शहराने पाणी शोषणाऱ्या जमिनीवर मोठा खर्च केला होता, तरी जुलै २०२१ मध्ये तिथे एका तासात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि शहर बुडालं. महापुरासाठी नदीचं पात्र मोकळं ठेवणं, पात्रातली अतिक्रमणं हटवणं, याला पर्याय नाही. पण दरवर्षी येणाऱ्या ज्या सरींनी सखल वस्त्यांत गुडघाभर पाणी साचतं, त्या सरींपुरतं अंगणांचं आणि आवारांचं काम नक्की होतं.

आपल्या पूर्वजांना जमिनीखालच्या पाण्याचं मोल कळलं होतं. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळात सलाबत खानाने बांधवलेली, राजा भास्कराच्या आखणीची. भूगर्भातलं पाणी बोगद्याने विहिरीत येतं आणि पुढे उताराने शेतांकडे जातं; दुष्काळातही ते टिकतं अशी तिची ख्याती आहे. मात्र असं पाणी विहिरीत येण्याआधी ते वरून कुठेतरी आत शिरावं लागतं, आणि ती जागा आपण बंद केली तर कोणताही बोगदा कामाचा नाही.

झाडांचंही सांगतो. लिंबाच्या, पिंपळाच्या बुंध्याला खेटून सिमेंट ओततात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या गावातलं झाडही तेवढंच तहानलेलं असतं.

झालेलं काम पाणी पितं की नाही, हे कुणालाही तपासता येतं. फूटभर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही तोंडं कापून गट्टूंवर उभा ठेवा आणि कडेला ओल्या मातीचा लेप लावा. आत पाच लिटर पाणी ओता. तेवढ्या जागेवर हा सत्तर मिलिमीटर पाऊस झाला. काही मिनिटांत पाणी दिसेनासं झालं तर काम चांगलं. तासाभरानेही तसंच उभं असेल तर ठेकेदाराला बोलावून डबा दाखवा.

सरपंचांना, ग्रामसेवकांना, नगरसेवकांना आणि घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. गट्टूंचं पुढचं अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा त्यात दोन ओळी आवर्जून लिहून घ्या: गट्टूखाली पीसीसी नको, आणि फटीत डस्ट नको, धुतलेली बारीक खडी हवी. जमिनीबद्दल शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. हे काम पावसाळ्याआधी, मे महिन्यातच उरकून घ्या.