आधी विचारायचं कोणी?

शरीराच्या नाजूक तक्रारी रुग्णाने आपणहून सांगाव्यात, अशी आपल्या दवाखान्यांची अपेक्षा असते. ती चुकीची आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्यांवर आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के. बाकीच्यांनी दुखणं अंगावर काढलं. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या पाड्यावरची बाई असो की शहरातल्या कॉलेज रोडवरची, कंबरदुखीची गोळी मागून ती उठते. 'अंगावरून पांढरं जातं का?' हा प्रश्न समोरून आला नाही तर खरी तक्रार पदराआडच राहते. वयात आलेल्या मुलांचं तर विचारूच नका. स्वप्नात वीर्यस्खलन होणं हा वाढीचा भाग आहे, हे पंधरा वर्षांच्या मुलाला घरात कोणी सांगत नाही. भिंतीवरची 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' ही जाहिरात मात्र त्याला रोज दिसते. तिथे त्याचे पैसेही जातात आणि धास्ती वाढते ती वेगळीच.

बोलल्याने मुलं बिघडतात, हा आक्षेप जुना आहे. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक विषयांवर उघडपणे लिहीत राहिले आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. 2007 साली महाराष्ट्र सरकारने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आणली, त्यामागेही हीच भीती. ती तपासून पाहता येते. युनेस्कोने 2009 च्या मार्गदर्शिकेसाठी देशोदेशीचे अभ्यास तपासले. अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळतात, असं त्यांत दिसलं नाही. काही ठिकाणी तर ती उशिरा वळली. दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीतली रांग खरी आहे, पण आईला दोन मिनिटं बाहेर बसवून मुलीला 'पाळी नियमित येते का? शाळेत कोणी त्रास देतं का?' एवढं विचारायला फार वेळ लागत नाही. अडतं ते सवयीपाशी. म्हणून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाहावं लागतं, कारण राज्यभरातले डॉक्टर त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवादाचं प्रशिक्षण आहे. हे नाजूक प्रश्न त्यात खरोखर घोटून घेतले पाहिजेत. नुसती वहीत सही नको.

तिसरी अडचण जास्त गंभीर आहे. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलामुलीशी लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि या वयातली संमती कायदा मानत नाही. मग मुलगी बोलेल कशाला? सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वाट थोडी मोकळी केली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. तेव्हा गुप्ततेचं सरसकट वचन न देता, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे डॉक्टरने सुरुवातीलाच सांगावं.

पालकांना एवढीच विनंती: सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. मुलाला तिथे घेऊन जा, आणि समुपदेशकाने सांगितलं की बाहेर बसा.