अंगावरचं कापड आणि हृदयाची नोंद

छातीत धडधड होते ती जिना चढताना, नाहीतर मध्यरात्री. दवाखान्यात जाऊन ईसीजी काढावा तर तो साफ येतो, कारण त्या आलेखात हृदयाचे जेमतेम 10 सेकंद सापडतात. ही अडचण ओळखून मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी 1949च्या सुमारास सुमारे 38 किलोचं यंत्र पाठीवर बांधून चालत्या माणसाच्या हृदयाची नोंद रेडिओ लहरींवरून पाठवली. आज होल्टरची डबी तळहातावर मावते. पण छातीला चिकटवलेल्या पट्ट्यांखाली खाज सुटते, आणि आंघोळीचीही पंचाईत होते. अशा वेळी बनियनच नोंद ठेवू लागलं, तर रुग्णाची मोठी सोय होईल.

तसं कापड विणता येतं. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा छातीपाशी विणला की तो हृदयाचे विद्युत संदेश टिपतो. श्वासाबरोबर वीण ताणली जाते, धाग्याचा विद्युतरोध बदलतो आणि श्वास मोजला जातो. 1996मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांनी अमेरिकी नौदलाच्या मदतीने सैनिकांसाठी असा सदरा बनवायला घेतला. त्यात प्रकाशतंतू विणलेले होते. गोळीने तंतू तुटला की जखम कुठे आहे ते कळावं, ही कल्पना. माझं म्हणणं त्या सदऱ्यावरच बेतलेलं आहे. ज्याला धोका आहे त्याच्यासाठी तो होता. आपणही हे कापड औषधासारखं द्यावं: गरज असेल त्याला, गरज असेल तितके दिवस.

कुणी विचारील, सगळ्यांनीच घातलं तर बिघडलं कुठे? 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅपल हार्ट स्टडीकडे पाहा. तिथे मनगटावरचं घड्याळ होतं, पण प्रश्न हाच होता. चार लाखांहून अधिक लोकांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याला अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली. पासष्टी ओलांडलेल्यांत हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास, चाळिशीच्या आतल्यांत 0.16 टक्के. जिथे आजार विरळा, तिथे खोट्या इशाऱ्यांचा वाटा वाढतो. त्यापायी धडधाकट माणसाच्या मागे तपासण्या आणि काळजी लागते.

दुसरा आक्षेप भरवशाचा, आणि तो खरा आहे. त्वचेवर पोचणारा हृदयाचा संदेश जेमतेम एक मिलिव्होल्टचा. कापड जरा सरकलं किंवा कातडी कोरडी असली की तो गोंगाटात बुडतो, आणि धुण्यागणिक चांदी झिजते. पण म्हणूनच ठरावीक दिवसांची मुदत हवी. आयुष्यभर टिकेल असं कापड बनवणं कठीण; अंगाला नीट बसणारं आणि दहा-वीस धुण्यांपर्यंत अचूक राहतं असं तपासून दिलेलं कापड मात्र मागता येतं. आणि देतानाच ठरलेलं असावं की रात्रीची नोंद सकाळी कोण वाचणार. वाचणारा डॉक्टर नसेल, तर इतक्या कष्टाने विणलेल्या त्या धाग्याचा रुग्णाला काहीच उपयोग नाही.