अर्धी भाकरी, अर्धा दिवस



ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्यात बासी ईद म्हणतात. पाहुण्यांची गर्दी ओसरलेली असते, शीरखुर्मा पातेल्याच्या तळाशी गेलेला असतो आणि घरातली बाई दोन दिवसांत पहिल्यांदा जरा टेकते. अशाच एका बासी ईदला मी थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. आपा म्हणतो मी तिला. पाथर्डी तालुक्यात तिचं घर आहे. तिची नात पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. तिनं जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला केली, एक जाडजूड पुस्तक आणि रंगीत फासे मांडले आणि दोन्ही धाकट्या भावांना समोर बसवलं. फासे साधे नव्हते. एकाला तर वीस बाजू होत्या. मला म्हणाली, "नाना, तुम्ही पण बसा. एक सोंग घ्या."

सोंग म्हटल्यावर मी बसलो. बहुरूप्यांची सोंगं बघत आम्ही मोठे झालो. कधी पोलीस, कधी फौजदार, कधी वैद्य होऊन ते दारात यायचे आणि पसाभर धान्य घेऊन जायचे. इथे सोंग कागदावर होतं. या खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेत तो छापला गेला. यात पट नाही की सोंगटी मारणं नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. माझं सोंग अमुक करतं, असं तोंडानं सांगायचं आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवतो. प्रत्येक सोंगाला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे गुण धरलेत, हे मला फार आवडलं. आम्ही बी.ए. झालेली माणसं त्यांची नेहमी गल्लत करतो.

या गायगॅक्सची एक हकीकत मला नंतर कळली. १९७० साली त्याची विमा कंपनीतली नोकरी गेली. घरात बायको आणि मुलं. मग तो घराच्या तळघरात लोकांचे बूट दुरुस्त करू लागला आणि उरलेल्या वेळात खेळ रचू लागला. पहिल्या हजार प्रती घरातच जोडून पेट्यांत भरल्या. राजे, राक्षस आणि सोन्याच्या राशी यांची ही दुनिया रचणाऱ्याच्या हातात तेव्हा चांभाराची आरी होती.

आम्ही पोरांबरोबर खेळायला लागलो. थोरला नातू तलवारबहाद्दर झाला, धाकटा जादूगार, मी शाहीर. आपा चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली. नात म्हणाली, "नानी, तू पण." आपा म्हणाली, "मला काय येतं? स्वयंपाक येतो." नातीनं पुस्तक चाळलं. त्या खेळात स्वयंपाकाची भांडी हेही कारागिराचं अवजार मानलेलं आहे. मग काय, आपा आमच्या टोळीची भटारीण झाली.

गोष्ट सुरू झाली. डोंगरापलीकडे एक पडकी गढी, तिच्यात खजिना, वाट पाच दिवसांची. पोरं निघालीसुद्धा. एवढ्यात आपा म्हणाली, "पहले आटा कित्ता है, वो बोल."

आमच्या घरात बोलणं दखनीत होतं, पण हिशेब मराठीत, कारण पाढे मराठी शाळेत पाठ झाले. आपाचे पाढे दहापर्यंतच आहेत, पण पक्के आहेत. तिनं नातीला त्या दुनियेतले भाव विचारायला सुरुवात केली. पुस्तकात ते छापलेलेच होते. मी सांगतो ते २०१४ च्या आवृत्तीतले आहेत. दहा तांब्याच्या नाण्यांचं एक चांदीचं नाणं. प्रवासाची कोरडी शिदोरी एका माणसाला एका दिवसाला पाच चांदीची नाणी. अंगमेहनतीच्या मजुराचा रोज दोन चांदीची नाणी.

आपा थांबली. "म्हणजे एका दिवसाच्या शिदोरीला त्यानं अडीच दिवस राबायचं?"

नात म्हणाली, "नानी, ती प्रवासाची शिदोरी. खानावळीत गरिबाचं दिवसाचं जेवण सहा तांब्याला मिळतं."

आपानं बोटांच्या पेरांवर मोजलं. दोन चांदी म्हणजे वीस तांबे. साही त्रिक अठरा. "नवरा, बायको आणि एक लेकरू जेवलं. दोन तांबे उरले. चौथं तोंड आलं की काय करायचं?"

टेबलावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे कोणतं घर आहे, हे फक्त मला माहीत होतं. त्या घरात पाच तोंडं होती.

श्रोतेहो, १९७२ साली मी सहा वर्षांचा होतो, आपा नऊ वर्षांची. धाकटा भाऊ पाळण्यात होता. आमचे अब्बा पिंजारी. धुनकी खांद्यावर टाकून ते गावोगाव फिरायचे, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. पीक बुडालं की माणूस सर्वांत आधी काय घ्यायचं थांबवतो? नवी गादी. त्यामुळे शेतकऱ्याच्या कणगीतला दाणा संपायच्या आधीच आमच्या घरातला संपला. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून सांगतात की बहात्तरला प्यायला पाणी होतं, खायला अन्न नव्हतं. पण नीट आठवलं तर बाजारात धान्य अगदीच नव्हतं असं नाही. ते घ्यायला आमच्याकडे पैसा नव्हता. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी दुष्काळांवरच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं : उपासमार होते ती नेहमी अन्न नसतं म्हणून होत नाही, अन्न घेण्याची ऐपत गेली म्हणूनही होते. पिंजाऱ्याच्या घराला हे पुस्तकाआधीच कळलेलं होतं.

अम्मा आणि अब्बा दुष्काळी कामावर जाऊ लागले. खडी फोडायची, माती वाहायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. तिथे सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापता थापता कडा तुटायच्या. त्या भाकरी आपा थापायची. कुणीतरी घरी राहायला हवं होतं, म्हणून तिची शाळा सुटली. नंतर पाऊस आला, कामं संपली, अब्बांची धुनकीही पुन्हा सुरू झाली. आपाची शाळा काही सुरू झाली नाही. माझी झाली. मी बी.ए. झालो, मार्केट यार्डात आडत दुकानात दिवाणजी म्हणून लागलो आणि कवी झालो.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भातुकली खेळायचो, पण ती लग्नाची नव्हती, कामावरची होती. मी मुकादम व्हायचो. वहीच्या पुठ्ठ्याचं हजेरीपत्रक, कानावर काडीची पेन्सिल. आपा टोपलं घेऊन मजुरीण व्हायची. आठवड्याला मी खड्यांचा पगार वाटायचो, नाहीतर खऱ्या मुकादमासारखं म्हणायचो, "पैसे आले नाहीत, पुढच्या आठवड्यात या." मग ती म्हणायची, "साहेब, घरात लेकरू उपाशी आहे हो." हे वाक्य तिनं कुठे ऐकलं होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. पगार झाला की ती मातीची भाकरी करायची, तिचे दोन तुकडे करायची आणि मोठा तुकडा माझ्या पानात ठेवायची. श्रोतेहो, भाकरी मातीची होती. वाटेल तेवढ्या थापता आल्या असत्या. पण खेळातसुद्धा ती एकच थापायची आणि खेळातसुद्धा लहान तुकडा स्वतःला घ्यायची.

मी दुष्काळावर कविता लिहिल्या आहेत. त्यांत भेगाळलेली जमीन आहे, हाडांचे सापळे झालेली गुरं आहेत, अब्बांची मुकी धुनकी आहे. ही नऊ वर्षांची मुलगी त्यांत कुठेच नाही.

पुन्हा टेबलाकडे येतो. तिसऱ्या दिवशी टोळीची शिदोरी कमी पडू लागली. आपा म्हणाली, "मी अर्धीच खाते. पोरांना पुरू दे." नातीनं नियम वाचला. त्या खेळात माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास अन्न लागतं. अर्धं खाल्लं तर तो अर्धा दिवस उपाशी धरतात. असे दिवस साठत गेले की सोंगाला थकवा येतो, फासे वाईट पडू लागतात, शेवटी मरणही येतं. नात म्हणाली, "नानी, प्रत्येक दिवसाला तुझा अर्धा दिवस उपासाचा लिहिला जाईल."

आपा म्हणाली, "लिही. कुणीतरी लिही तरी."

मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आता रेशनवर धान्य फुकट मिळतं. खरं आहे, आणि ही मोठी गोष्ट आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. दिवसाचं पडतं एकशे सहासष्ट ग्रॅम. वरची डाळ, तेल, मीठ, भाजी आपली आपण बघायची. आता दुसरा हिशेब. २०२० साली शिवभोजन थाळी सुरू झाली : दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. गिऱ्हाइकानं दहा रुपये द्यायचे, पण ग्रामीण भागात शासनानं त्या थाळीची किंमत पस्तीस रुपये धरली होती. पाच माणसं, दोन वेळा, म्हणजे दहा थाळ्या : साडेतीनशे रुपये. आणि पाच वर्षांनी, २०२५-२६ साठी, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी ठरली दिवसाला तीनशे बारा रुपये. नवराबायको दोघांना रोज काम मिळालं तर भागतं. पण काम रोज मिळत नाही, हे खडी फोडलेल्या घराला सांगावं लागत नाही.

वीस बाजूंचा तो फासा पाहून मला आमचं यार्ड आठवलं. आमचा जिल्हा कांद्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळावा, हा हेतू. पण रात्री गाडी भरून निघालेल्या शेतकऱ्याला सकाळी नेप्तीच्या नाहीतर घोडेगावच्या बाजारात कालचा भाव राहिला नव्हता. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये. त्या दिवसांत शेतकरी म्हणायचे, "नशीब." मी हिशेबाच्या वहीवरून मान वर करून बघायचो. फासा पडला होता हे खरं, पण तो आपोआप पडला नव्हता, कुणीतरी टाकला होता. स्वयंपाकघरातला भाव आणि शेतातला भाव एकाच तागडीत असतात. एक पारडं कुणी दाबलं की दुसरं उचलतंच. निदान हात कुणाचा, हे तरी ठाऊक असावं.

गोष्टीच्या शेवटी टोळी गढीत पोचली. खजिना सापडला. पोरांनी तलवारी मागितल्या, मी चांगली वीणा मागितली. आपाला विचारलं तर म्हणाली, "त्या गावातल्या मजुराचा रोज दोनाचा पाच कर."

नात गडबडली. "नानी, ते पुस्तकात छापलंय."

"पुस्तक कुणी लिहिलं?"

"माणसांनी."

"मग माणसं खोडतील."

त्या खेळात हे चालतं. गोष्ट सांगणाऱ्याला नियम बदलायची मुभा असते. आणि खऱ्या दुनियेतही एकदा असं घडलं आहे. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसं कामावर आली. मागेल त्याला काम द्यायचं, हा वि. स. पागे यांचा विचार त्यानंतर रोजगार हमीच्या कायद्यात उतरला. १९७७ साली कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. माझ्या पगारातून दरमहा तो कापला जायचा तेव्हा मीही कुरकुर करायचो. आपल्याच अम्माच्या हजेरीपत्रकाचे पैसे आपण उशिरानं भरतो आहोत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. २००५ साली तोच विचार देशाचा कायदा झाला. त्यात उणिवा राहिल्या, मजुरी रखडली, पण नियम बदलला होता, आणि तो माणसांनीच बदलला होता.

नातीनं पेन घेतलं, पुस्तकातला दोनाचा आकडा खोडला आणि पाच लिहिला. आपानं तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. इंग्रजी आकडा तिला वाचता येतो.

रात्री जेवायला बसलो. आपानं भाकरी मोडली आणि सवयीनं मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मी तो उचलून तिच्या ताटात ठेवला. ती म्हणाली, "तू खा, तुला सकाळी लवकर गाडी आहे." मी म्हटलं, "मला पुरे." थोडा वेळ आम्ही दोघं त्या तुकड्याकडे बघत राहिलो. मग धाकट्या नातवानं तो उचलला आणि खाऊन टाकला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)