लग्न आणि सातबारा



१९४३ ते १९४६ या काळात सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव ‘गांधी लग्ने’ लावली. हुंडा नाही, जेवणावळी नाहीत, कर्ज नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीने विवाह सावकाराच्या चोपडीतून बाहेर काढला.

आज पाटणच्या डोंगरी मुलुखात तोच विवाह पुन्हा सौदा बनला आहे. १९६१ च्या कायद्याने हुंडा बंद केला. तो मानपान आणि सोने या नावांनी उरला. तुटपुंज्या जमिनीवर राबणाऱ्या तरुणाला मुलगी मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या पगारदाराला स्थळे सांगून येतात. यासाठी मुलींना दोष देणे सोपे आहे. परंतु जिच्या नावावर काहीच नाही, तिच्यासाठी नवऱ्याचा पगार हाच सातबारा ठरतो.

आणि संसार मोडला तर? १९५५ चा हिंदू विवाह कायदा घटस्फोट देतो; सासरच्या घरात वा जमिनीत मालकीचा वाटा देत नाही. मिळते ती पोटगी, तीही कोर्टाचे हेलपाटे घालून. म्हणून कित्येकजणी घटस्फोटितही होत नाहीत, नुसत्या ‘टाकलेल्या’ राहतात. माहेरी १९९४ च्या राज्य दुरुस्तीने आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळाला. पण भावाच्या मायेपोटी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते.

कार्यकर्त्यांनी साध्या लग्नाचा आग्रह धरावाच. पण अक्षता टाकण्यापूर्वी माहेरच्या सातबाऱ्यावर मुलीचे नाव लागले का, याचीही चौकशी करावी. जिला परतायला हक्काचे घर आहे, तिचाच होकार खरा.