शजऱ्यात स्त्रियांचीही नावे लिहा



आपल्याकडे घराण्याचा शजरा सांगणारे बुजुर्ग अजून आहेत. कोण कोणाचा मुलगा, हे ते न अडखळता सांगतात. पण दादीची बहीण कशाने गेली, असे विचारा. "छातीत गाठ होती म्हणे," एवढेच उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. तो थांबू नये, एवढेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

स्तनाचा कर्करोग हा संसर्गजन्य नाही. शंभरातील साधारण पाच ते दहा रुग्णांतच तो वारशाने आलेला असतो. म्हणून घरात पूर्वी कोणाला नसला तरी गाठ लागताच डॉक्टरांना दाखवावे. परंतु काही घराण्यांत तो पिढ्यान् पिढ्या आढळतो. फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६६ साली आपल्या पत्नीच्या घराण्याचा असा तक्ताच प्रसिद्ध केला होता. त्याचे कारण कळायला मात्र सव्वाशे वर्षे लागली. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी सतराव्या गुणसूत्रावर त्याचा माग लावला. १९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके हाती आली.

यातील सदोष जनुक आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते. प्रत्येक मुलाला व मुलीला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. बाप निरोगी दिसतो, पण त्याच्या बहिणीचा आजार त्याच्या मुलीत उतरू शकतो. म्हणून खाला आणि नानी यांच्याइतकीच फुफी आणि दादी यांचीही चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. ईदला किंवा लग्नकार्यात मिरज, इचलकरंजी, निपाणीहून नातलग जमतात, तेव्हा वही घेऊन बसा. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहा. कर्करोग कोणाला झाला, कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी, हे नोंदवा. पन्नाशीच्या आत झालेला, दोन्ही स्तनांत झालेला, अंडाशयाचा किंवा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग असेल तर खाली रेघ ओढा. आपसांत सोयरिकी असतील तर एकच व्यक्ती दोनदा लिहिली जात नाही ना, हे पाहा.

अशी रेघ पडली तर वही घेऊन सीपीआरमधील किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात जनुकांविषयी सल्ला व रक्ताची तपासणी होते. शक्यतो ज्या व्यक्तीला आजार झाला आहे, तिची तपासणी आधी करतात. दोष आढळलेल्या स्त्रीची तपासणी लहान वयापासून व वरचेवर करता येते, आणि रोग लवकर सापडला तर उपचार सोपे होतात.

पालकहो, "मुलीच्या लग्नाला अडचण येईल" म्हणून आपण हे झाकतो. ही वही चारचौघांत वाचायची नाही. ती घरात आणि डॉक्टरांपुढे उघडायची आहे. झाकल्याने वारसा नाहीसा होत नाही, फक्त मुलगी बेसावध राहते. फुफीचा आजार लिहिणे ही तिची बदनामी नव्हे. तिने सोसले ते भाचीच्या उपयोगी पडावे, हीच तिची खरी आठवण.