नंदी बाजूला सरला तेव्हा
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कलासंकुल म्हटले की आज डोळ्यांसमोर उभे राहते ते महानगरातील वातानुकूलित नाट्यगृह, त्याला लागून असलेले कलादालन, उपाहारगृह आणि वाहनतळ. परंतु नाट्य, संगीत, शिल्प आणि उत्सव यांनी एकाच आवारात नांदावे, ही कल्पना या देशाला नवी नाही. तमिळनाडूत कुंभकोणमपासून आठ-नऊ किलोमीटरांवर वसलेले तिरुविडैमरुदूर हे गाव तिची साक्ष देते. मराठी शाळेची सहल या गावी जावी, याला दोन कारणे आहेत. त्याच्या इतिहासात मराठ्यांचा वाटा आहे. आणि कलेचे दार कोणासाठी उघडे असते, या प्रश्नाशी त्याचे जुने नाते आहे.

गावाच्या मध्यभागी महालिंगस्वामींचे प्रचंड देवालय आहे. मरुदम म्हणजे अर्जुनवृक्ष. त्यावरून या क्षेत्राला संस्कृतात मध्यार्जुन म्हणतात. दहाव्या शतकातील एका चोळकालीन शिलालेखात या देवालयातील नाटकशाळेचा उल्लेख आहे. ‘आर्यकूत्तु’ नावाचा नाट्यप्रकार उत्सवात सादर करणाऱ्या नटाला जमीन दिल्याची नोंदही येथे सापडते. हजार वर्षांपूर्वी या आवारात रंगभूमी होती आणि कलावंताच्या चरितार्थाची तरतूदही होती. उत्सवमूर्ती रथातून बाहेर पडते तेव्हा नादस्वरम आणि तविल यांचा नाद रस्त्यांवर येतो. जो देवापर्यंत पोहोचू शकत नाही त्याच्यापर्यंत देवाने जावे, असा या परंपरेचा एक सुंदर अर्थ आहे. मात्र हा रथ प्रत्येक वस्तीच्या दारापर्यंत जात नसे, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

तंजावरच्या भोसले घराण्यातील अमरसिंह १७९८ मध्ये पदच्युत झाले आणि सरफोजीराजे दुसरे गादीवर आले. अमरसिंहांनी उर्वरित आयुष्य तिरुविडैमरुदुरात घालवले. राज्य गेले, पण कलेचा आश्रय सुटला नाही. त्यांच्या आणि पुढे त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांच्या छायेत येथे संगीताचा एक लहानसा दरबार जमला. घनम कृष्ण अय्यर हे थोर गायक या दरबाराशी संबंधित होते आणि त्यांच्याकडे संगीताचे धडे घेणाऱ्यांत गोपालकृष्ण भारती हे एक होते. याच भारतींनी एकोणिसाव्या शतकात ‘नंदनार चरित्रम्’ हे तमिळ संगीतकथाकाव्य रचले.

नंदनारांची मूळ कथा ‘पेरियपुराणम्’ या ग्रंथातली. नंदनार हे शेतमजूर आणि शिवभक्त. जन्माने अस्पृश्य ठरवले गेल्यामुळे त्यांना देवळात प्रवेश नव्हता. तिरुप्पुंगूर येथे ते बाहेर उभे राहिले, पण मधल्या भल्यामोठ्या नंदीमुळे देव दिसेना. तेव्हा शिवाने नंदीला बाजूला सरण्याची आज्ञा केली. आजही तेथील नंदी गाभाऱ्याच्या सरळ रेषेत नाही. मराठी मनाला ही कथा परकी वाटत नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी आहे, आणि त्याच मंदिराचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवसांचे उपोषण केले.

या कथेतील एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. शिवाने नंदनारांना अधिक उंच होण्यास सांगितले नाही. अडथळ्याला हलण्यास सांगितले. सुगम्यतेचे सारे शास्त्र एवढ्या एका कृतीत सामावलेले आहे. चाकांच्या खुर्चीवरील मुलीला पायऱ्या चढता येत नाहीत, असे म्हटले की दोष मुलीकडे जातो. तेथे उतार बांधलेला नाही, असे म्हटले की काम बांधणाऱ्याकडे येते. वाक्य बदलले की जबाबदारीही बदलते.

तिरुविडैमरुदूरसारखे स्थळ या दृष्टीने पाहिले तर नवेच प्रश्न उभे राहतात. येथे प्रथा अशी की पूर्वेच्या दाराने आत गेलेला भाविक त्याच दाराने परतत नाही. वरगुण पांड्याची ब्रह्महत्या पूर्वद्वारी अडून राहिली आणि तो दुसऱ्या दाराने मुक्त होऊन बाहेर पडला, अशी त्यामागची आख्यायिका. म्हणजे चाकांच्या खुर्चीसाठी एका दाराशी उतार करून भागणार नाही. संपूर्ण वाट अखंड हवी. दक्षिणेतील गोपुरांचे उंच दगडी उंबरे, उन्हात तापलेल्या फरशा, दूर असलेली स्वच्छतागृहे या सगळ्यांचा विचार त्या वाटेत येतो. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी येथील दीपधारिणीचे उदाहरण घ्यावे. मराठा राजकुळातील अम्मणी अम्माळ यांनी नवस फेडताना अर्पण केलेली मानली जाणारी ही धातूची स्त्रीमूर्ती हातात दिवा घेऊन उभी आहे. तिची लहान प्रतिकृती हाताळायला मिळाली, तर ती मूर्ती त्या विद्यार्थ्याच्या बोटांना दिसेल. कर्णबधिर विद्यार्थ्याला नाटकशाळेची कथा सांकेतिक भाषेत आणि लेखी फलकावर मिळायला हवी. जुन्या शिल्पाला धक्का न लावता, काढता-घालता येणारे लाकडी उतार आणि बोलकी मार्गदर्शिका यांनी पुष्कळ साधता येते.

हे स्वप्नरंजन नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि सांस्कृतिक जीवन व करमणूक यांतील सहभाग हाही हक्काचा विषय ठरवला. गोव्यात पणजीला चित्रपट महोत्सवामुळे परिचित झालेल्या परिसरात जानेवारी २०२३ मध्ये ‘पर्पल फेस्ट’ हा दिव्यांगांना केंद्रस्थानी ठेवणारा महोत्सव भरला. दिव्यांग मंडळी तेथे प्रेक्षक म्हणून आली, तशीच कलावंत म्हणूनही आली. संकुल सुगम झाले की प्रेक्षागृहाइतकाच रंगमंचही भरतो, हा त्याचा धडा.

नंदनारांच्या कथेचा शेवट मात्र विसरता येत नाही. चिदंबरमला प्रवेश मिळण्यापूर्वी त्यांना अग्नीतून जावे लागले. आजही दिव्यांग व्यक्तीने असामान्य पराक्रम गाजवला की समाज टाळ्या वाजवतो आणि साध्या दाराशी तिला तिष्ठत ठेवतो. प्रवेशासाठी अग्निदिव्य मागणारी व्यवस्था न्याय्य नव्हे. सामान्य मुलाला सामान्य दिवशी, कोणाच्या उपकाराविना, नाटक पाहता आले पाहिजे.

साठ वर्षांच्या शाळेला हा विषय दूरचा नाही. सहलीची यादी करताना ‘याला झेपणार नाही’ म्हणून एखादे नाव वगळले जाते, तेव्हा त्या मुलाची एक सहल बुडते आणि बाकीच्यांना वगळण्याची सवय लागते. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचाला पायऱ्याच असतील, तर बक्षीस घ्यायला सगळेच वर येऊ शकत नाहीत. म्हणून स्थळ निवडण्याआधी तीन प्रश्न विचारण्याची रीत शाळेने पाडावी: वाट अखंड आहे का? जे दिसते ते ऐकायला आणि जे ऐकू येते ते पाहायला मिळेल का? आणि ज्याच्यासाठी सोय करायची, त्याला कोणी विचारले आहे का?

तिरुप्पुंगूरचा नंदी शतकानुशतके बाजूला सरून बसला आहे. त्याचे महत्त्व तेवढ्याने कमी झालेले नाही. शाळा, नाट्यगृहे आणि देवालये यांच्या दारांतील नंदींनीही तेवढे सरावे. आतला उत्सव त्यामुळे अधिक मोठा होईल.