स्वस्त उत्प्रेरकाचे आयुष्य



हायड्रोजन व प्राणवायू यांच्या संयोगातून वीज देणारा घट विल्यम ग्रोव्ह यांनी १८४२ साली वर्णिला. त्यातील पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या. आजच्या मोटारींतील इंधनघटही प्लॅटिनमवरच चालतात, आणि त्याचा मोठा वाटा लागतो तो प्राणवायूच्या बाजूस. प्राणवायूच्या रेणूतील दोन अणूंची जोडी सहजी सुटत नाही; ती सोडवून स्वतः शिल्लक राहणारा मध्यस्थ म्हणजे उत्प्रेरक.

हा मध्यस्थ स्वस्त धातूचा का नसावा? आपल्या पेशींत श्वासातल्या प्राणवायूचे पाणी होते, ते लोखंड आणि तांबे यांच्या साह्याने. तेथील लोखंडाचा अणू नायट्रोजनच्या चार अणूंच्या कोंदणात बसलेला असतो. १९६४ साली रेमंड जेसिन्स्की यांनी अशाच कोंदणातील कोबाल्टही हे काम करतो, असे दाखविले. २००९ साली कॅनडातील संशोधकांचा लोखंड, नायट्रोजन व कार्बन यांचा उत्प्रेरक आरंभी प्लॅटिनमच्या तोडीस आला. पण शंभर तासांच्या आतच त्याचा जोर बराच ओसरला.

खरी मेख येथे आहे. प्राणवायूचे काम अर्धवट राहिले की हायड्रोजन पेरॉक्साइड उपजते, आणि लोखंडाच्या संगतीत ते कोंदणच कुरतडते. शरीर जीर्ण उत्प्रेरकाच्या जागी नवा घडविते. घटाला ती सोय नाही, आणि मोटारीत त्याला हजारो तास राबावयाचे असते. म्हणून श्रोतेहो, स्वस्त उत्प्रेरकाची वार्ता ऐकाल तेव्हा भाव जरूर विचारा. पण त्याआधी तो किती तास टिकला, हे विचारा.